मुठीजवळची दोन बोटं जागा

मी तिसरीपर्यंत शिकलो. पण पात्यावरून बोट फिरवलं की ते हत्यार कशासाठी आहे, हे मला कळतं. बाप कन्नडला लोहारकाम करायचा. कारखान्याच्या हंगामात ऊसतोडे त्याच्याकडं कोयते पाजवायला आणायचे. मुठीजवळ दोन बोटं जागा तो कोरी सोडायचा, तिथं धार लावायचा नाही. थंडीत पहाटे हात बधिर असतो, मूठ घसरली तर माणसाची बोटं वाचावीत म्हणून. पुढं मी शहरात आलो, औरंगपुऱ्यात एका कापडदुकानाच्या पायरीशी धार लावायचं चाक मांडलं. शिंप्यांच्या कात्र्या, खाटकांच्या सुऱ्या, सगळं केलं. कोयता आला की ती जागा मात्र सोडत आलो. बाकीचे धारवाले मुठीपर्यंत घासत नेतात. त्यांना मी कारागीर म्हणत नाही.

परवाच्या उन्हाळ्यात, ऐन दुपारी, एक विशी-बाविशीचा पोरगा गाडीवरून आला. इस्त्रीचा शर्ट, हातात पेपरात गुंडाळलेला कोयता.

"ऊस तोडायचाय, काका."

वैशाखात कुठला ऊस? पात्यावर उसाचा काळा चिकट डाग नव्हता. नवा विकत घेतानाचं तेलसुद्धा पुसलेलं नव्हतं.

"टोकापर्यंत लावा," तो म्हणाला.

ऊस पात्याच्या पोटानं तुटतो, टोकाचं काही काम नसतं. माणसावर चालवायला मात्र टोक लागतं. हे मला तिथंच कळलं आणि मी चाक थांबवलं. माझ्याकडं बघून तो हसला.

"ऱ्हाऊ द्या, काका. पलीकडच्या गल्लीतला लावतो. तुमचा हात आता थरथरतो म्हणतात."

"कोण म्हणतं?"

"सगळेच."

मी चाक सुरू केलं. तशी धार मी वर्षभरात लावली नव्हती. झाल्यावर माझ्याच मनगटावरचे केस त्या पात्यानं काढून त्याला दाखवले. "आता सांग, थरथरतो का?"

"नाय काका, मानलं," म्हणाला, आणि गेला. त्या संध्याकाळी मी खुशीत जेवलो, हे सांगायची लाज वाटते. पण जेवलो.

तिसऱ्या दिवशी बजाजनगरात पहिली पाळी करून घरी निघालेल्या एका कामगारावर कोयत्याचे वार झाले. गाडीला गाडी घासली, एवढंच कारण. चहाच्या टपरीसमोर, लख्ख उन्हात. वार करणाऱ्यानं तोंडाला रुमाल बांधला होता. कामगाराचा जीव वाचला, उजवा हात गेला. माझा मुलगा तिथंच राहतो, कंपनीत आहे. त्यानं मला मोबाइलवर व्हिडिओ दाखवला. त्यात मारणारा एक, पडलेला एक आणि मोबाइल उंच धरलेले वीस-पंचवीस. आमच्या कन्नडच्या बाजारातही डोकी फुटायची, तो काळ काही साधूंचा नव्हता. पण कुणीतरी म्हातारा मधी पडायचा, शिव्या देत, हातातली पिशवी फेकून. इथं सगळे नीट दिसावं म्हणून दोन पावलं मागं सरकत होते.

मग कोयता नाल्यात सापडला. त्याचा फोटोही मोबाइलवर फिरला. मुलानं बोटांनी मोठा केला. मुठीजवळ दोन बोटं जागा कोरी होती.

"तुमचं काम?" त्यानं विचारलं.

"व्हय."

"कुणी आणला व्हता?"

"तोंड पाहिलंय मी."

"पोलिसांनी एकाला धरलंय. तो म्हणतो, कोयता माझा नाय." मुलगा खाली बसला. "बाबा, तुम्ही काय पाहिलं नाय. मला रोज त्याच टपरीवरून ड्युटीला जायचंय. पोरीची शाळा तिथंच हाय."



चार दिवसांनी दोघं जण चाकापाशी आले. एकानं घरातला भाजी चिरायचा चाकू पुढं केला.

"लावा चाचा, आरामसे. घाई नाय."

लावत होतो तोवर दुसरा माझ्या शेजारी पायरीवर टेकला. "गिऱ्हाइकं लई येत असतील. सगळी ध्यानात ऱ्हातात का?"

"हत्यार ओळखतो मी. माणसं नाय."

"मग ठीक. पोरगा पहिल्या पाळीला असतो ना तुमचा?"

चाकू घेऊन ते गेले. माझा हात खरंच थरथरायला लागला होता. ज्याच्या पायरीशी मी बसतो त्या दुकानदारानं सगळं ऐकलं होतं. त्यानं हळूच नजर वळवली आणि कापडाचं ठाण उलगडत बसला. त्याचा राग मला आला नाही. मीही तेच केलं होतं, तेही चाक फिरवत.

घरी बायकोला सांगितलं. ती भाकरी थापत होती. "पोराला काय झालं तर मी तुम्हाला माफ करणार नाय," म्हणाली. थोड्या वेळानं म्हणाली, "त्या हात गेलेल्याची आई असंल ना कुणी." आणि तव्यावरची भाकरी उलटली.

सकाळी रिक्षा करून पोलीस ठाण्यात गेलो. साहेब तरणे होते. त्यांनी कोयता टेबलावर ठेवला. मी ती कोरी जागा दाखवली, बापाची रीत सांगितली. मग साहेबांनी काही पोरांचे फोटो दाखवले. पाचव्यावर मी बोट ठेवलं.

साहेब लिहीत होते. मधेच थांबले. "बाबा, धार लावताना तुम्हाला शंका आली नाही ना?"

ते माझ्या भल्यासाठीच विचारत होते. नुसती मान हलवली असती तर झालं असतं.

"आली व्हती. टोक लावायला सांगितलं तेव्हाच कळलं."

"ते नाही लिहीत. उद्या कोर्टात वकील तुमच्यावरच उलटवेल."

"लिहा."

"बाबा, ऐका माझं."

"अर्धं खरं सांगायला मी रिक्षा करून आलो नाय. लिहा, तेव्हाच सही करतो."

त्यांनी लिहिलं. मग वाचून दाखवलं. कळलं होतं तरी धार लावली, असं मधोमध एक वाक्य होतं. ते मी पुन्हा एकदा वाचायला लावलं. मग खाली माझं नाव काढलं, एकेक अक्षर, सावकाश.

मुलगा आता लांबच्या रस्त्यानं ड्युटीला जातो. माझ्याशी बोलत नाही. त्याची पाळी सुटायच्या वेळेला मी चाक बंद ठेवतो, आणि तो घरी पोचल्याचा सुनेचा फोन येईपर्यंत कुणाचंही काम हातात घेत नाही.