कड्या आहेत, पाळणा नाही

परवा सिंधीपुऱ्यातल्या त्या छोट्या म्युझियममध्ये गेले होते. आमच्या बुऱ्हाणपूरचे मोठे तत्त्वज्ञ, ज्यांना सगळे नुसतं शास्त्रीजी म्हणतात, त्यांचा जन्म ज्या घरात झाला, तिथेच हे म्युझियम आहे... मागच्या दिवाळीत मीच आईच्या मागे लागून आमचा जुना पाळणा तिथे द्यायला लावला होता.

पाळणा मूळचा शास्त्रीजींचाच. त्यांच्या घरून तो माझ्या आजीनं मागून आणला, आणि संस्थानं विलीन होत होती त्या वर्षांत माझी आई त्यात झोपली. आईचा भारी जीव त्याच्यावर... घरात वाळवी लागेल, तिथे नीट राहील, असं मी तिला पटवलं होतं.

आणि बघते तर काय... छताला नुसत्या रिकाम्या कड्या.

म्युझियम सांभाळणारे सुधाकरकाका म्हणाले, पॉलिशला दिलाय. कुठे, विचारलं तर चष्मा पुसत बसले. झालं, माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली... जुन्या सागवानाला आजकाल काय भाव येतो, माहीत आहे ना! काकांच्या हातात घड्याळही नवंकोरं. विकलाच असणार, आता आईला काय तोंड दाखवू?

मी तिथेच ठाण मांडलं. म्हटलं, पाळणा दाखवा, नाहीतर आईलाच घेऊन येते. काका वैतागले, "चला ताई, बघूनच घ्या एकदा," म्हणत कुलूप लावून मागच्या गल्लीत निघाले. मी मागोमाग, मोबाइलचा कॅमेरा चालू ठेवून... पुरावा नको का?

दोन खोल्यांचं घर. आमचा पाळणा दोरीनं टांगलेला, आणि आत मुठी वळून झोपलेलं एवढंसं बाळ.

"याच्या आधीची दोन राहिली नाहीत बाई," बाळाची आजी हळूच म्हणाली. "ज्या पाळण्यातली पोरं जगली, तोच मागून आणायचा, अशी आपली रीत... म्हणून मागितला." मी मोबाइल गपचूप पर्समध्ये टाकला.

घरी येऊन आईला चाचरत सांगितलं, अगं, पाळणा म्युझियममध्ये नाहीये... तिनं भाजी निवडता निवडता विचारलं, "बाळानं बाळसं धरलंय का?"

म्हणजे हिनंच काकांना बजावलं होतं, कुणी मागायला आलं तर नाही म्हणायचं नाही. आणि मला मात्र सांगायचं नाही, कारण मी नियम काढून बसले असते म्हणे... खरंय, बसलेच असते.

तर मंडळी, म्युझियम बघायला जरूर जा. कड्या रिकाम्या दिसल्या तर काकांना छळू नका... कुणाचं तरी बाळ झोपलंय.