तोफेचं ग्रीस

शिपाई ऑरिन टिबेट्सचा दिवस पावणेसहाला बिगुलाने सुरू होई आणि ग्रीसने संपे. अमेरिकेतल्या मेन राज्याच्या किनाऱ्यासमोरच्या त्या बेटावर खारा वारा लोखंड खाई. म्हणून थंडीआधी किल्ल्यावरच्या बारा इंची तोफेला तपकिरी ग्रीसचा जाड थर फासायचा, आणि बर्फ वितळलं की तोच रॉकेल आणि चिंध्यांनी खरवडून काढायचा. नळीच्या आतून, दातेरी चाकांच्या प्रत्येक खाचेतून. हात कोपरापर्यंत बरबटत. जेवणातल्या घेवड्यालाही तोच वास येई.

एवढं करून तोफ उडायची वर्षातून एकदा, उन्हाळ्यात. टगबोट कापडी निशाण ओढत समुद्रात नेई, त्यावर नेम धरायचा. मागच्या वर्षी धुक्यामुळे सराव बुडाला होता. यंदा आपण घासलेल्या तोफेतून एक गोळा सुटलेला पाहायचा, एवढंच ऑरिनला हवं होतं. म्हणजे दोन वर्षं चिंध्यांत गेली असं वाटलं नसतं.

ठरल्या दिवशी नाश्ता होताच तुकडी तोफेपाशी उभी राहिली. गोळा गाड्यावर, कानांत कापूस, ऑरिनच्या हातात ठासणीचा लांब दांडा. ऊन डोक्यावर आलं तरी निशाणाचा पत्ता नव्हता.

शेवटी टगबोट दिसली. सार्जंट डगनने दुर्बिणीला डोळा लावला आणि बराच वेळ काढलाच नाही.

"निशाण किती लांब आहे, सार्जंट?" ऑरिनने विचारलं.

"छत्र्या आहेत," डगन म्हणाला. "बायकांच्या. मधे टेबल मांडलंय, कर्नलसाहेब बसलेत."

"आणि निशाण?"

"धक्क्यावरच राहिलं असेल. पाहुणे आलेत ना. शेवंडी खायला चाललेत पलीकडच्या बेटावर."

"मग धरा नेम," मागून तुकडीतला फीनी म्हणाला. "इतकी सावकाश चाललीय, आपल्यालासुद्धा जमेल."

टेलिफोन वाजला. सराव रद्द. उघडं लोखंड गंजू नये म्हणून संध्याकाळच्या आत ग्रीस परत लावा.

ऑरिनने कानातला कापूस काढून फेकला आणि डबा उघडला. एकही खाच त्याने सोडली नाही. अर्धवट काम त्याच्या हातून होत नसे. मग टगबोट धुवायलाही याच तुकडीला बोलावलं. डेकभर शेवंडींची टरफलं, त्यांवर गोठलेलं लोणी आणि विझवलेल्या सिगारी. ऑरिनने नाक दाबलं. ग्रीसच्या वासाला त्याने कधी नाक दाबलं नव्हतं.

"एक वर्ष उरलंय ना तुझं," बादली ओतत डगन म्हणाला. "पुढच्या उन्हाळ्यात उडेल बघ."

"उडू दे. घासायला दुसरा शोधा."

तेव्हा शिपायाला पैसे भरून फौजेतून सुटता येत असे. ऑरिन पगारातून जुन्या ट्रकसाठी पैसे साठवत होता. तो सगळा साठा त्याने कचेरीच्या टेबलावर ठेवला, आणि ट्रकऐवजी स्वतःचं उरलेलं एक वर्ष सरकारकडून विकत घेतलं.