भाच्याची तिसरी मागणी

शार्शेन-बाइकेने धडक दिली की माणूस आधी आपलं नाव विसरतो, मग गाव, आणि शुद्धीवर येताना गाव आधी आठवतं. हे मी ऐकीव सांगत नाही. त्याच्याच संघाचा गोलरक्षक असूनही एकदा मी चुकून त्याच्या वाटेत आलो होतो. डोळे उघडले तेव्हा मी नुसता "नारीन, नारीन" करत होतो म्हणे, आणि बाइके माझ्या छातीवर गुडघा ठेवून विचारत होता, "अरे, नारीन कळलं, पण तू कोण?"

बिश्केकच्या मोठ्या बाजारात मटणाच्या ओळीतला अगदी शेवटचा ओंडका त्याचा. बाजार त्याला बाइके म्हणतो, म्हणजे दादा. मी समोरच्या ओळीत मनुका आणि जर्दाळू विकतो. घोड्याची अख्खी मांडी तो कुऱ्हाडीच्या दोन घावांत मोकळी करतो, आणि तेही कुऱ्हाडीकडे न बघता, गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत बघत. त्यामुळे नवं गिऱ्हाईक भावात घासाघीस करत नाही. त्याचं नाक डोंगरातल्या रस्त्यासारखं आहे, कुठल्या वळणावर कुठे जाईल सांगता येत नाही. पण कुठलं वळण कोणाच्या मुठीचं, हे त्याला पक्कं ठाऊक आहे आणि ती सगळी मंडळी ईदला त्याच्याकडेच जेवायला असतात. "हा वरचा बाक सुयुनबेकचा बरं का," असं म्हणत तो त्याच्याच ओळीतल्या सुयुनबेकच्या ताटात आणखी एक हाडूक वाढतो. "हात चांगला आहे पोराचा. खा रे, लाजू नकोस."

राष्ट्रीय संघाला मारण्याचं काम त्याला मिळालं ते मात्वेयिचमुळे. मात्वेयिच आमच्या देशाच्या आइस हॉकी संघाचा प्रशिक्षक. इथेच जन्मलेला रशियन, पुढचे सगळे दात तरुणपणीच बर्फाला वाहून मोकळा झालेला. वसंतात उलानबातरला अजिंक्यपदाची स्पर्धा होती. त्याची पोरं फार सुंदर खेळत होती आणि हेच त्याचं दुखणं होतं.

"कशिदा काढतात लेकाचे!" तो मटण घेता घेता एकदा करवादला. "तिथे कपाटं येणार आहेत समोरून, चाकं लावलेली कपाटं. ह्यांना मार खायची सवय कोण लावणार? माझी आई?"

नेमका त्याच वेळी एका हमालाने भाकरीवाल्या म्हातारीला हातगाडीने ढकललं. बाइके ओंडक्यामागून निघाला, मधला मटणाचा गाळा न वळता पार केला आणि हमालाला हातगाडीसकट कातड्यांच्या ढिगात नेऊन गाडला. हमालाचे फक्त बूट दिसत होते. मात्वेयिचने पिशवी खाली ठेवली.

"स्केट घालून धावता येतं?"

"येतं. थांबता येत नाही."

"थांबायचंय कशाला!"

अशी आमची टोळी जमली. सात-आठ कसाई, दोन हमाल (त्यातला एक तोच, कातड्यांतला) आणि गोलात मी. मला गोलात उभं करायला एकच कारण होतं, मी नुसता उभा राहिलो तरी निम्मा गोल बुजतो. दर शनिवारी आम्ही देशासाठी देशाच्या संघाला बडवायचो. पहिल्याच दिवशी बाइकेने कप्तानाला कठड्याच्या फळ्यांवर असं चेपलं की काच तडकली आणि शिरस्त्राण प्रेक्षकांत गेलं. प्रेक्षक म्हणजे झाडूवाली. तिने ते परत केलं नाही, वर ओरडली, "आधी माझी काच!" दुसऱ्या आठवड्यात सुयुनबेकने एका बचावपटूची भुवई फोडली, त्याने सुयुनबेकच्या जबड्यात काठी घातली आणि मग हातमोजे काढून सगळेच सगळ्यांना मारू लागले. बर्फ पुसायला निघालेलं यंत्र अर्ध्या वाटेतून मागे फिरलं. बर्फावर रक्त गोठतं ते लगेच, डाळिंबाचे दाणे सांडल्यासारखं. खेळ संपला की दोन्ही संघ एकाच बाकावर बसून नाकात कापूस कोंबत चहा प्यायचे, आणि बाइके ज्याला सगळ्यात जास्त मारलंय त्याच्या कपात आधी साखर घालायचा.

ह्या सगळ्या दंगलीत एकच पोरगा असा होता की ज्याच्या अंगाला धक्का लागत नसे. तो देशाच्या संघातला बायामान, बाइकेचा भाचा. सायराकान-एजेचा, म्हणजे त्याच्या थोरल्या बहिणीचा, एकुलता एक.

आता भाचा म्हटल्यावर बोलणंच खुंटलं. आमच्या रिवाजाप्रमाणे मामाच्या घरातून भाच्याने आयुष्यात तीनदा मनाला येईल ते मागावं आणि मामाने तोंड वाकडं न करता ते द्यावं. आणि मामाने भाच्यावर हात टाकू नये. टाकला तर तो हात थरथर कापायला लागतो, कायमचा. दुसऱ्या कोणाचा हात कापला तर फार तर चहा सांडेल, पण कसायाचा हात कापला तर? बाइकेने दोन पोरी उजवल्या, घर बांधलं, आईला शेवटपर्यंत सांभाळलं, ते सगळं त्या एका उजव्या हातावर.

पहिली मागणी बायामानने तीन वर्षांचा असताना केली, एक शिंगरू. ती त्याच्या आईनेच पढवलेली होती. दुसरी त्याने बाराव्या वर्षी, पूर्ण शुद्धीत केली. त्याने बाइकेचा कोक-बोरूचा घोडा मागितला. बकऱ्याच्या धडासाठी घोड्यांवरून जी मारामारी चालते तिच्यात बाइके तरुणपणी गाजलेला होता. त्याच्या दोन बरगड्या, एक गुडघा आणि निम्मं नाक त्या मैदानात खर्ची पडलंय. पण तो काळा घोडा म्हणजे त्याचा जीव. घोडा बाहेर पडताना त्याच्या मानेला मिठी मारून, माणसासाठी रडावं तसा बाइके रडला, आणि दिला. बायामानने तो दुसऱ्या दिवशी विकला आणि स्केट, काठी, हातमोजे असला सगळा सरंजाम आणला. बाइके हिवाळाभर त्याच्याशी बोलला नाही. शेवटी एकदा बर्फावर गेला. म्हणाला, "माझा घोडा कसा पळतो ते तरी बघू दे." पोरगं वाऱ्यासारखं पळत होतं. बाइके कठड्याला धरून बघत राहिला आणि पुढच्या आठवड्यात स्वतःच स्केट बांधून पडायला लागला. वय तेव्हा चाळिशीच्या घरात.

तेव्हा बाइके भाच्याला मारणार नाही हे उघडच होतं. आणि बाइकेच्या भाच्याला मारून सोमवारी परत मटणाच्या ओळीत यायची कोणा कसायाची छाती नव्हती. बायामान चकती घेऊन निघाला की आमचे बचाववाले वरातीला वाट द्यावी तसे बाजूला व्हायचे. पोरगा मान खाली घालून, चकतीकडे बघत, सरळ माझ्याकडे. एका शनिवारी त्याने मला इतके गोल मारले की मी मोजायचं सोडून त्याच्या घरची खुशाली विचारायला लागलो. मात्वेयिच खूश होता. "हिरा आहे! बघा, ह्याला कोणी हातच लावू शकत नाही!"

लावू शकत नाही हे खरंच होतं.

हिवाळा सरता सरता कझाकस्तानातल्या करागांडाहून एक संघ सरावाला आला. त्यांच्यात बायामानचा मामा कोणी नव्हता. पोरगा सवयीने मान खाली घालून निघाला आणि त्यांच्या एका लालमिशीवाल्याने त्याला असा घेतला की पोरगा हवेत आडवा झाला आणि पाठीवर आदळला. आवाज ऐकून झाडूवालीनेसुद्धा तोंडावर हात ठेवला. तो उठला, पण त्यानंतर चकती जवळ आली की तो कोणी काठी उगारल्यासारखा दूर सरायचा.

मात्वेयिचला तेव्हा उलगडा झाला. तो तडक मटणाच्या ओळीत आला.

"शार्शेन! तू मला खोटा हिरा विकलास!"

"मी काही विकलं नाही. तू लांबून बघितलास."

"सोमवारी मला नावं कळवायचीत. शनिवारी शेवटचा खेळ. त्या पोराला मी धडक खाऊन, उठून, परत चकतीवर जाताना बघितलं तर तो येईल. नाहीतर घरी बसेल. तिथे मान खाली घालून निघाला तर मानच राहील तिथे. आईला काय सांगू त्याच्या?"

"मग कोणालाही सांग मारायला."

"सांगितलं. सगळे म्हणतात, शार्शेनला विचार!"

बाइकेने कुऱ्हाड ओंडक्यात रुतवली आणि ओळीकडे वळून गरजला, "मारा रे! मी परवानगी देतो!"

सगळी ओळ एकदम आपापल्या मटणावरच्या माश्या हाकलू लागली. थंडीत माश्या नव्हत्या.

"बाइके," सुयुनबेक हळूच म्हणाला, "परवानगी तू आज देतोस. पण त्याला खाली पडलेला बघितल्यावर तुझं डोकं कुठे असेल?"

मग खल सुरू झाला. धडक तर खांद्याने देतात, हाताने नव्हे, मग हात कशाला कापेल? हमालाने हा मुद्दा काढला आणि सगळ्यांना तो पटायला लागला. ओळीतले सगळ्यात वयस्कर मोल्दोगाझी-आता (वडीलधाऱ्याला आमच्यात 'आता' म्हणतात) मेंढीचं डोकं भाजत होते. ते मान वर न करता म्हणाले, "खांदा कशाला जोडलेलाय?" खल संपला.

शनिवारी सायराकान-एजे थर्मास घेऊन आली. तिला कोणी काही सांगितलं नव्हतं आणि सगळं ठाऊक होतं. ती कठड्याशी बसली आणि भावाला एवढंच म्हणाली, "माझ्या पोराला काही झालं तर बघ. आणि तो घरी बसला तरीही बघ."

खेळ सुरू झाला. बाइके त्या दिवशी दिसेल त्याला उडवत होता. कप्तान दोनदा फळ्यांना चिकटला, एक बचावपटू बाकावरून पलीकडे गेला, सुयुनबेकला तर आपला असून बाइकेने गाडला. पण बायामान चकती घेऊन आला की बाइके बाजूला. एकदा, दोनदा, तीनदा. पोरगा माझ्यासमोर येऊन थांबला, गोल मारलाच नाही. रिकाम्या घराचं कुलूप तोडून काय मिळणार, असा त्याचा चेहरा होता. मागे वळून तो बर्फाच्या मधोमध गेला आणि त्याने हातमोजा काढला.

"मामा!"

"काय?"

"माझी तिसरी मागणी राहिलीये."

सगळं थांबलं. बाजारात कित्येक वर्षं पैजा लागल्या होत्या की हा गाडी मागणार की घराचा वरचा मजला.

बाइके जरा हसला. "माग की. पण आत्ता? घरी ये, जेव, मग माग."

"आत्ताच. मला धडक दे. त्या करागांडावाल्याला देशील तशी."

"गाढवा, दुसरं काहीही माग! गाडी घे!"

"गाडी नको."

"वरचा मजला घे! खालचा घे!"

"मामा, भाचा मागतोय."

बाइकेने कठड्याकडे बघितलं. एजे थर्मासचं झाकण घट्ट करत होती. मोल्दोगाझी-आता आले होते, त्यांनीही दाढी कुरवाळली आणि वर छताकडे पाहिलं. हात टाकायचा नाही हाही रिवाज आणि नाही म्हणायचं नाही हाही रिवाज, आणि दोघांच्या मध्ये तो एवढा थोरला माणूस स्केटवर डुलत उभा होता.

मात्वेयिचने चकती टाकली. बायामान निघाला, सवयीने मान खाली. बाइके समोरून आला. त्याला थांबता येत नाही हे मी आधीच सांगितलंय. शेवटच्या क्षणी तो ओरडला, "डोकं वर, बाळा!" पोराने डोकं वर केलं आणि मग मटणाच्या ओळीतल्या सगळ्या कुऱ्हाडी एका खांद्यात येऊन त्याच्या छातीवर पडल्या. पोरगा उलटा फिरला, फळ्यांवर आदळला आणि खाली आला. काठीचे दोन तुकडे झाले. त्याच्या तोंडातून रक्त आलं आणि हनुवटीवरून ओघळलं.

तो पडून राहिला. बाइके गुडघ्यांवर बसून ओरडत होता, "नाव सांग! बाळा, नाव सांग आधी!"

"बायामान," पोरगा म्हणाला. "सर ना मामा, चकती कुठे गेली?"

आणि उठला. वाकडा, एका बाजूला झुकलेला, दुसऱ्याची काठी हिसकावून चकतीमागे गेला. आमच्या कसायांना मग जो चेव आला तो आला. महिनोन्‌महिने त्याने केलेल्या गोलांची सगळी थकबाकी त्यांनी काढली. सुयुनबेकने एकदा लोळवला, हमालाने दोनदा. तो पडत होता आणि उठत होता. चौथ्या वेळी तो हमाल खाली होता आणि पोरगा वर.

बाइके बाकावर येऊन बसतो न बसतो तोच एजेने थर्मास त्याच्या पाठीत घातला. एक, दोन, मग डोक्यात. "माझ्या पोराला मारतोस? लाज नाही वाटत, रेड्या?" बहिणीने भावाला मारल्यावर कोणाचा हात कापतो, याबद्दल आमच्याकडे काहीच सांगितलेलं नाही, त्यामुळे ती निर्धास्त मारत होती. बाइके मार खात होता आणि हातमोजा ओढून काढत होता.

हात कापत होता. बोटं पानासारखी हलत होती. तो आपल्या हाताकडे दुसऱ्याच कोणाचा असल्यासारखा बघत राहिला. एजेचा थर्मास हवेतच थांबला. तिने तो खाली ठेवला, त्याच्या शेजारी बसली आणि तो हात आपल्या काखेत घट्ट दाबून धरला. लहानपणी गारठून आलेल्या भावाचा धरत असेल तसा. मग तशीच बसून ती बर्फाकडे बघू लागली.

"सुयुनबेक!" ती थोड्या वेळाने ओरडली. "उजवीकडून काय जातोस, मेल्या! डावीकडून धर त्याला, डावीकडे तो अजून बघत नाहीये!"

बायामानने त्या दिवशी एकही गोल केला नाही. मात्वेयिच खेळ संपल्यावर कठड्याशी आला. "एजे, त्याचे गरम कपडे भरा. उलानबातरला थंडी असते."

"भरते," एजे म्हणाली. "पण बर्फ पुसायच्या आधी माझ्या पोराचा एक दात शोधून द्या. तिकडे दुसऱ्या फळीजवळ पडलाय."

मात्वेयिच आपल्या बोळक्या तोंडाने मनापासून हसला, आणि मग आम्ही सगळेच, बाइके सोडून, बर्फावर रांगायला लागलो. बाइकेचा हात एजेने अजून सोडला नव्हता.