पान एकोणपन्नास ते चौसष्ट

माणसाला घडवणारं पुस्तक आयुष्यात एकच असतं. माझं पुस्तक म्हणजे राक्षस, राजकन्या आणि जादूच्या काठ्यांच्या गोष्टींचा जाडसर संग्रह. त्याचं मूळ मुखपृष्ठ मी कधी पाहिलं नाही. हुबळीच्या आमच्या मराठी वाचनालयातली सगळीच पुस्तकं खाकी पुठ्ठ्यात बांधलेली असत.

दुपारी अप्पा कापडाच्या दुकानात गेले की अक्का मला त्यातून वाचून दाखवायची. मी मध्ये बोललो की 'सुम्नीर!' म्हणून गप्प बसवायची. आमची लाडकी गोष्ट ठरलेली होती. अठ्ठेचाळिसाव्या पानाच्या तळाशी राक्षसीण राजकन्येवर काठी उगारते. समोरच्या पानावर लगेच, 'नवी म्हैस पहिले दोन दिवस बिथरलेली असते. तिला कोमट पाणी पाजावे. पाठीवरून हात फिरवीत हळू आवाजात बोलत राहावे.' गोठा कोरडा ठेवा, पावसाळ्यात खुरं तपासा, असं सोळा पानं चालायचं. पासष्टाव्या पानावर राजकन्या पुन्हा माणूस झालेली असे आणि लग्न लागे.

राजकन्येची म्हैस झाली आहे, हे आम्हाला कोणी समजावून सांगावं लागलं नाही. राजपुत्र लढत नव्हता, शेण काढत होता. असा राजपुत्र मला पुढे मराठीत भेटला नाही, कन्नडमध्येही नाही. उणकलच्या तळ्यात बसलेल्या म्हशींकडे मी कितीतरी वर्षं आदराने पाहत असे. अक्कासाठी स्थळं येऊ लागली तेव्हा ती अप्पांना म्हणाली, 'माझी म्हैस झाली तर सांभाळेल का, तेवढं विचारा.' अप्पांनी पगार विचारला.

यंदा वाचनालयाने वर्धापनदिनी 'मला घडवणारं पुस्तक' या विषयावर बोलायला बोलावलं. तयारी म्हणून संग्रहाची नवी आवृत्ती मागवली. गुळगुळीत कागद, प्रस्तावनेत 'कालातीत' हा शब्द पाच वेळा. दोन-तीन ठिकाणी अजूनही अंगावर काटा आला, हे कबूल करतो. विहिरीत उलटा वाढणारा वड आजही भीती घालतो. पण बाकी गोष्टींत कोणाला भूक लागत नाही, कोणी भांडी घासत नाही. आणि आमच्या गोष्टीत काठी फिरताच राजकन्येचा राजहंस झाला.

मी धारवाडला अक्काला फोन केला. 'अगं, म्हैस काढून टाकली.'

'काढली? मग राजपुत्र सोळा पानं करतो काय?'

'तळ्याकाठी रडतो.'

'रडायला काय जातंय त्याचं!' मग म्हणाली, 'तू जुनं पुस्तक बघ बरं आधी. म्हैस होती ना रे?'

दुसऱ्या दिवशी वाचनालयात गेलो. पुस्तक होतं, म्हैसही होती. ग्रंथपाल बाईंनी पानं चाळली. 'कागद बघा की हो सर. मधला वेगळाय.' मग त्यांनी शेतकीच्या कपाटातून म्हशींच्या निगेवरचं, त्याच आकाराचं पुस्तक आणलं. त्यात म्हैस बाजारातून घरी येत होती, आणि एकोणपन्नासाव्या पानावर राजहंस होत होती.

आमचे जुने बाईंडर कन्नड शाळेत शिकलेले. मराठी त्यांना वाचता येत नसे, पण आकडे येत. दोन्ही पुस्तकं एकदम उसवून, सोळा-सोळा पानांच्या जुड्या सुटून आली असणार. त्यांनी आकडे जुळवले आणि शिवलं. एकही पान पुढंमागं झालं नव्हतं.

'कार्यक्रमाच्या आधी दोन्ही नीट शिवून घेते,' बाई म्हणाल्या.

'नको. राहू द्या.'

'तुमचं ठीक आहे सर. पण शेतकीवाल्यांनी काय करायचं?'

बाईंनी तक्रारवही काढली आणि पहिल्या पानापासून पाहायला लागल्या. तेवढ्यात मी अक्काला फोन लावून 'म्हैस आहे' एवढंच सांगितलं. 'मला ठाऊक होतं,' ती म्हणाली आणि बराच वेळ फोन ठेवेना.

बाईंनी वही मिटली. दोन्ही पुस्तकं आपापल्या कपाटात जशीच्या तशी परत गेली. राजहंसाबद्दल आजवर एकाही शेतकऱ्याची तक्रार नव्हती.