आठ खुर्च्यांवरचे स्वेटर

माझी थोरली बहीण शेवटची नऊ वर्षं जवळजवळ एकटीने भत्ता कार्यालय चालवत होती असं मी म्हटलं, की लोकांना वाटतं, भाऊ आहे, चार गोष्टी वाढवून सांगणारच. वाढवून सांगत नाही. कार्यालयात मंजूर पदं अकरा आणि शेवटी उरलेली माणसं तीन: साहेब, ताई आणि शिपाई. साहेब सही करायचे आणि शिपाई ती सही आणायला आत-बाहेर करायचा. उरलं ते सगळं ताईचं.

त्या कार्यालयाच्या दारात येणारा माणूस कसा असतो, ते जरा डोळ्यांसमोर आणा. कुणाचा पाय गेलेला, कुणाचा नवरा गेलेला, कुणाचं मूल अंथरुणाला खिळलेलं. ज्यांच्यात थांबायची ताकद सगळ्यात कमी, त्यांनाच तिथे सगळ्यात जास्त थांबवायचे.

एक जण निवृत्त झाला की त्याची खुर्ची रिकामी व्हायची ती कायमची. ताई सकाळी आवकच्या टेबलावर, दुपारी छाननीच्या, संध्याकाळी पत्रं लिहायच्या टेबलावर. फक्त एका खुर्चीत बसायचा तिला अधिकार नव्हता, ती पडताळणीची. अर्ज खरा आहे अशी सही पडताळणी अधिकाऱ्यानेच करायची, त्याशिवाय भत्ता सुरू होत नाही. आणि तो अधिकारी निवृत्त होऊन अडीच वर्षं झाली होती. फायली त्या टेबलापर्यंत जायच्या आणि तिथेच मुक्काम ठोकायच्या.

मग वर कुणी विचारत नव्हतं का? विचारत होतं की. वर्षातून एकदा तपासणी पथक यायचं. आदल्या दिवशी साहेब ताईला बोलावून मऊ आवाजात म्हणायचे, "बाई, उद्या खोली जरा भरलेली दिसू द्या."

म्हणजे काय, तर स्वेटर. आठ रिकाम्या खुर्च्यांच्या पाठीवर आठ स्वेटर. टेबलावर कुठे चष्म्याचं घर, कुठे अर्धा प्यालेला चहा, कुठे उघडं रजिस्टर आणि त्यावर आडवं पेन. पथकाने विचारलं, "हे कुठे गेले?" की साहेब सांगायचे, "आत्ताच उठले." पथक रकान्यात खूण करायचं, सर्व पदे भरलेली, आणि जेवायला जायचं. एवढी माणसं एकाच वेळी आत्ताच कशी उठतात, हे नऊ वर्षांत त्यांच्यातल्या एकालाही विचारावंसं वाटलं नाही. डोळ्यांत धूळ फेकायला समोरच्याने निदान डोळे तरी उघडे ठेवावे लागतात.

ते स्वेटर आमच्या घरचे. भावोजींचे दोन, ते गेल्यावर ताईने जपून ठेवलेले. बायकोचा एक, शेजाऱ्यांकडून मागून आणलेले काही आणि माझा तपकिरी. त्यांची पिशवी दर वर्षी मी वाहून न्यायचो आणि संध्याकाळी परत आणायचो. घरी जेवताना साहेबांची नक्कल करून सगळ्यांना हसवायचो. आज त्या हसण्याची मला लाज वाटते.

ताई हे का करायची? कारण साहेबांनी तिला घाबरवून ठेवलं होतं. पदं रिकामी दिसली तर हे कार्यालयच बंद करतील, मग ही लंगडी-पांगळी माणसं कुठे जातील, बाई? तिला ते पटायचं. तिच्या चांगुलपणाचीच वेसण करून तिला नऊ वर्षं नाचवलं त्या माणसाने, आणि दर वेळी वरून त्याच्या कार्यक्षमतेचं कौतुक आलं.

चौदा महिन्यांपासून दर मंगळवारी एक सुतार यायचा. यंत्रात त्याच्या उजव्या हाताची चार बोटं गेली होती. बायको लोकांच्या घरी कामाला जायला लागली, तरी भागेना, तेव्हा बारा वर्षांच्या मुलीचीही शाळा सोडवून तिला सोबत धाडलं. भत्ता आला की तिला परत शाळेत घालायचं, एवढंच त्याचं म्हणणं. बसून बसून कंटाळला, तेव्हा पडताळणीच्या खुर्चीचा डुगडुगता पाय त्याने डाव्या हाताने ठोकून दिला. ताईला म्हणाला, "बाई, खुर्ची पक्की केली. आता माणूस तेवढा बसवा."

यंदा पथक आलं ते नेमकं मंगळवारी. मी कोपऱ्यात पिशवी घेऊन बसलो होतो. सुतार आत आला आणि दारातच थबकला. पडताळणीच्या खुर्चीवर स्वेटर होता. माझा तपकिरी.

"आले का पडताळणीचे साहेब?" त्याने ताईला विचारलं. त्याचा चेहरा असा उजळला की मला बघवेना.

ताईने रजिस्टरात मान घातली. तो त्या टेबलासमोर स्टूल ओढून बसला. दहा वाजले होते. अकराला त्याने विचारलं, "बाहेर गेलेत का?" बाराला विचारलं, "जेवायला गेले असतील, नाही?" केस नीट केले, तुटका हात खिशात घातला, पुन्हा बाहेर काढला. दीड वाजेपर्यंत तो माणूस माझ्या स्वेटरची वाट बघत बसला होता.

पथक त्या टेबलापाशी आलं. साहेब म्हणाले, "आत्ताच उठले."

ताई जागेवरून उठली. तिने तो स्वेटर काढला, घडी घातली आणि माझ्या हातात दिला. "घे, तुझा आहे." मग एकेक करत आठही खुर्च्यांवरचे काढले. भावोजींचे दोन तिने स्वतःजवळ ठेवले.

"पडताळणी अधिकारी कुठे आहेत?" पथकप्रमुखाने विचारलं.

"निवृत्त झाले. अडीच वर्षं झाली," ताई म्हणाली. "बाकीच्या सात जणांचंही तेच."

आणि ती त्या खुर्चीत बसली. सुताराची फाईल उघडली, पडताळणीच्या जागी स्वतःची सही केली, शिक्का मारला आणि शिपायाच्या हाती ती थेट वरच्या कार्यालयात मंजुरीला धाडली. दुसरी फाईल ओढेपर्यंत साहेबांनी शिक्का हिसकावला.

महिन्याभरात पथकाचा अहवाल आला. आठ पदं इतकी वर्षं माणसांवाचून चालली, त्या अर्थी ती अनावश्यक आहेत, सबब रद्द. खुर्च्या जादा आढळल्या, त्या परत पाठवाव्यात. ताईला अधिकार नसताना सही केल्याबद्दल निलंबन, निवृत्तीला चार महिने असताना. साहेबांना बढती. वाचताना माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. टेम्पो आला आणि सुताराने ठोकलेली खुर्चीही घेऊन गेला.

सुताराची फाईल तोवर वर मंजूर झाली होती, ती मंजुरी मात्र ते रद्द करू शकले नाहीत. त्यांनी खूप खटपट केली. पण मंजुरी रद्द करायची तरी नियमाने पडताळणी अधिकाऱ्याचीच सही लागते, आणि ते पद त्यांनी स्वतःच रद्द करून टाकलं होतं. मुलगी जूनपासून शाळेत जाते.

हे कळलं तेव्हा मी पोट धरून हसलो. ताई हसली नाही.

"त्याच्या मागे दोनशे बारा फायली होत्या," ती म्हणाली. "त्यांनाही तीच सही लागते."