शेपटाच्या बांधीतून पाहिलेली फायनल

२०१०च्या सप्टेंबरातली गोष्ट. बुधवारी पुस्तकलाचा फोन आला.

"ताई, शनवारी काय करून राहिल्या?"

"भाषण नाही कुठे. का?"

"मंग शुक्रवारीच या. एक काम आहे. आन् येताना गोंदियातून छत्री आनजा. मोठी, लाल."

पुस्तकला शहारे म्हणजे दारूबंदीच्या लढ्यात माझ्यासोबत उभी राहिलेली बाई. तिनं बोलावलं की सभा असणार, मोर्चा असणार, असं मी धरून चाललेले. म्हणून विचारलं, "विषय काय आहे?"

"फायनल," ती म्हणाली आणि फोन कटला. त्यांच्या गावात फोन असाच कटतो.

गोंदिया जिल्ह्यात काय पाहायचं, असं नागपुरातले लोक मला विचारतात. नवेगावचं तळं सांगितलं की त्यांचं समाधान होतं. मला मात्र या प्रश्नाचाच राग येतो. जिथं माणसं राहतात तिथं पाहण्यासारखं असतंच. पाहणाऱ्याला वेळ नसतो, एवढंच.

नागपूरहून सकाळची गाडी पकडली तर दोन-अडीच तासांत गोंदिया येतं. साध्या डब्यात भरपूर जागा होती. स्टेशनबाहेर समोसा आणि त्यावर चण्याचा गरम रस्सा खाल्ला. तेवढ्यावर दुपार निघते. मग बाजारात छत्री शोधली. गोंदिया शहर हिंदीत बोलतं आणि हिंदीतच भाव करतं. दुकानदार म्हणाला, "मैडम, बारिश जाने को आई, अब छाता?"

"कल फायनल है," मी म्हणाले. त्याहून जास्त मलाही ठाऊक नव्हतं.

"अच्छा," तो मान डोलवत म्हणाला. अडीचशेची छत्री त्यानं एकशेऐंशीला दिली. फायनलला छत्री का लागते, हे विचारण्याचा मोठेपणा त्यानं केला नाही.

गोंदियाहून दक्षिणेकडे, अर्जुनी मोरगावच्या दिशेनं जाणाऱ्या पॅसेंजरनं सौंदडला उतरायचं. गाड्या मोजक्या आहेत, वेळ आधी पाहून ठेवा. दोन्ही बाजूंना हिरवं धान आणि मधूनमधून तलाव. सौंदडच्या फलाटावर एक बाई उकडलेले शिंगाडे विकत होती. दहा रुपयांत ओंजळभर मिळाले. पुढे ऑटो. गावाचं नाव मी देत नाही, कारण पुस्तकलानं तशी ताकीद दिली आहे: "लोकं येतीन आन् आमच्या पारीवर फोटो काढत बसतीन." पार म्हणजे तलावाचा बांध. जाणाऱ्यांनी रबरी चप्पल न्यावी. बूट नेले तर ते तिथंच राहतील, चिखलात.

पुस्तकलाच्या घरी तांदळाची भाकर, वास्त्यांची भाजी आणि सुक्या झिंग्यांची चटणी समोर आली. वास्ते म्हणजे बांबूचे कोवळे कोंब. पोट भरल्यावर पुस्तकलानं पेटीतून एक लोकरी मफलर काढला. लाल, पांढरा, काळा. सप्टेंबरच्या त्या उकाड्यात तो नुसता पाहूनच मला घाम फुटला.

हकीकत अशी. तिची मुलगी करुणा मेलबर्नला नर्स आहे. आदल्या वर्षी बाळंतपणासाठी पुस्तकला सहा महिने तिकडे होती. घरमालक एकटा राहणारा म्हातारा. त्याला मराठी येत नाही, हिला इंग्रजी येत नाही. दर शनिवारी तो टीव्हीसमोर बसायचा आणि बाळाला मांडीवर घेऊन ही शेजारी. तिथला फुटबॉल वेगळाच. चेंडू लांबट, मैदान गोलसर, हातानं ठोसता येतो, पायानं मारता येतो, दुसऱ्याच्या खांद्यावर गुडघा देऊन झेलताही येतो. म्हाताऱ्यानं तिला बोटांनी खेळ शिकवला. चार खांब. मधल्या दोहोंतून चेंडू गेला तर सहा गुण.

"आन् बाजूच्या खांबातून गेला, म्हंजे नेम चुकला," पुस्तकला म्हणाली, "तरी एक."

"चुकल्याबद्दल एक?"

"हो नं. कायले देते, मी लय विचार केला. मारलं तं खरं नं त्यानं."

मी तीस वर्षं व्यासपीठांवर न्याय या शब्दावर बोलते आहे. इतक्या कमी शब्दांत मला ते कधी जमलं नव्हतं.

म्हाताऱ्याचा संघ त्याच्या तरुणपणी एकदाच अजिंक्य झाला होता. आदल्या वर्षी पुस्तकला शेजारी असताना तो फायनलला पोचला आणि हरला. म्हातारा उठला. टीव्ही बंद केला, गळ्यातला मफलर काढून हिच्या हातात दिला. यंदा संघ पुन्हा फायनलला होता. आपल्याकडे शनिवारी सकाळी दहा वाजता.

"निकाल करुणा संध्याकाळी सांगेलच की," मी म्हणाले.

"निकालाचं काय घेऊन बसल्या, ताई. बुढा एकटा बसते. करुणा त्याच्यापाशी फोन घेऊन बसनार आहे, मले सांगत राहीन. मी फोनवर त्याच्या बाजूले बसीन म्हनून सांगून ठेवलं आहे."

अडचण पुढेच होती. गावात फोनला रेंज येते ती फक्त तलावाच्या पारीवर, आणि शनिवारी सकाळी तलावाच्या पाण्याची पाळी पुस्तकलाची. तिची बांधी, म्हणजे धानाचं बांध घातलेलं वावर, पाटाच्या अगदी शेवटी. त्याला शेपूट म्हणतात. वरच्या बांध्या कुणाच्या आणि शेपटाच्या कुणाच्या, हे मी वेगळं सांगायला नको. महाराष्ट्रातल्या कुठल्याही तलावाखाली उभं राहून पाहा. धान गर्भात होतं, लोंबी बाहेर पडायच्या बेतात. याच दिवसांत पाणी चुकलं तर दाणा पोचट होतो. आणि गावाचा नेम असा की, पाळीच्या वेळी आपल्या बांधीच्या तोंडाशी, पाणी आत शिरतं तिथं, आपला माणूस उभा हवा. नसला तर पाणी वरच्याचं. पाणी वरून खाली वाहतं हा निसर्गाचा नियम. ते वरच्यानं अडवावं हा माणसाचा.

तिचा नवरा रेल्वेच्या रुळांवर कामाला. त्याला रजा नव्हती.

"गावातलं कोनी काऊन नाही उभं करत?" एव्हाना मीही त्यांच्यासारखी बोलू लागले होते.

"वरच्या बांधीतले कटरेभाऊ त्याले गोष्टीत लावतीन. अर्ध्या घंट्यात माणूस त्यायच्या वसरीवर चहा पेत बसते आन् पानी जाते त्यायच्या बांधीत. तुमाले कोन गोष्टीत लावीन? तुमीच बोलत राहता."

म्हणजे मला वक्ता म्हणून नव्हे, तर पुतळा म्हणून बोलावलं होतं.

संध्याकाळी आम्ही कटरेभाऊंकडे गेलो. साठीचा, उंच, धोतराची घडी न मोडणारा माणूस. दोन वर्षांपूर्वी याच पाण्यावरून दोघांचं भांडण झालेलं. तेव्हापासून बोलणं कामापुरतंच. पुस्तकला अंगणातूनच म्हणाली, "उद्या माह्या बांधीच्या तोंडाशी ह्या ताई उभ्या राहतीन."

"पावनीले कुठची पाळी?"

"मानूस उभा पायजे, एवढाच नेम आहे. कोनाचा मानूस, ते नेमात नाही."

कटरेभाऊंनी माझ्या पांढऱ्या साडीकडे, मग माझ्या पायांकडे पाहिलं. "दुपारपर्यंत टिकतीन काय?"

"मी सहा तास बोलले आहे एकदा," मी म्हणाले.

"बोलनं वेगळं. चिखलात पाय रुतते."

तिथून पुस्तकला मला पारीवर घेऊन गेली. तिथं तिनं फोन कानाला लावून एकेक पाऊल मोजलं. एका आंब्याखाली रेंजच्या तीन रेघा आल्या. तिथं तिनं दगड ठेवला. पुढे दोन पावलं जाऊन पुन्हा मागे आली. दगड उचलला, वीतभर सरकवला. मग अर्ध्या किलोमीटरवर खाली दिसणाऱ्या आपल्या बांधीकडे पाहून छत्री उघडली, मिटली.

"आपला गोल झाला का छत्री उघडीन. त्यायचा झाला का खाली बसीन. तुमालेही समजलं पायजे नं."

"आणि तो चुकल्याचा एक गुण?"

"त्याच्यासाठी काय करू, दोनच हात आहेत."

घरी परतल्यावर फोन चार्जिंगला लागला. पुस्तकलानं मफलर धुतला नाही, उन्हातही टाकला नाही. नुसता उशाशी ठेवला. मी विचारलं, संघ हरला तर? ती म्हणाली, "हरला तं हरला. पन बुढ्याले वाटू नये का ही बाई आलीच नाही."

शनिवारी नऊ वाजता मी फावडं घेऊन बांधीच्या तोंडाशी उभी राहिले. पाणी पाटातून येताना आधी काडीकचरा ढकलत आणतं, मग गढूळ होतं, मग निवळतं. बरोबर दहाला पारीवर पुस्तकला दिसली. गळ्यात मफलर, कानाला फोन. दहाच मिनिटांत कटरेभाऊ आले आणि माझ्यासमोरच्या धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधावर, बसले. मी हलते का, ते पाहायला.

पारीवर लाल छत्री उघडली.

कटरेभाऊंनी मान वळवली. "ऊन तं नाही. छत्री काऊन?"

मी सांगितलं नाही. पुस्तकला खाली बसली. पुन्हा बसली. मग छत्री.

"तिचं डोकं ठिकानावर आहे नं?"

आता मात्र राहवलं नाही. मी खेळ समजावला. चार खांब, सहा गुण, खांद्यावर गुडघा. पुस्तकला म्हणाली होती ते खरं, मला गोष्टीत लावायची गरजच नव्हती. फक्त पाय मी हलवले नाहीत.

"म्हंजे छत्री आपली आन् बसनं त्यायचं," कटरेभाऊ म्हणाले. त्यांनी मातीत काडीनं दोन रेघा ओढल्या आणि खुणा करू लागले. 'आपली' हा शब्द मी ऐकला, पण टोकला नाही. काही शब्द टोकले की पळून जातात.

साडेअकरापर्यंत बसणंच जास्त झालं. कटरेभाऊ अस्वस्थ झाले. "काऊन बसते ही सारखी?" मग छत्री उघडली. पुन्हा उघडली. बांधीत पाणी घोट्याच्या वर आलं होतं, आणि त्याकडे आमचं दोघांचंही लक्ष नव्हतं. सव्वाबाराच्या पुढे छत्री पुन्हा लाल झाली. कटरेभाऊंनी खुणा मोजल्या. "छत्री दहा. बसली नऊ वेळा. जिकलो आपन."

आम्ही वाट पाहिली. पुस्तकला नाचली नाही. बसली नाही. छत्री मिटून नुसती उभी होती.

"जिकली तं हालत काऊन नाही?" कटरेभाऊ म्हणाले. "जा ताई, पाहून या."

मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी माझ्या पायांकडे पाहिलं. पाळी संपायला वीस मिनिटं होती.

"तुम्हीच जा," मी म्हणाले.

ते उठले. मग धोतर खोचलं आणि स्वतःच्या बांधीकडे न पाहता पाटाच्या कडेनं भराभर निघाले. साठीचा माणूस इतक्या वेगानं चालताना मी फक्त निवडणुकीत पाहिला आहे. परत आले तेव्हा दम लागला होता.

"बरोबरीत सुटला. अडुसष्ट-अडुसष्ट."

"पण आपले गोल एकानं जास्त होते."

"त्यायचे नेम लय चुकले म्हनते. चुकल्याचा एकेक मिळून बरोबर झाले. आन् आपला शेवटचा बी एक चुकल्याचाच. चेंडू टप्पा खाऊन बाजूनं गेला." खांद्यावरच्या दुपट्ट्यानं त्यांनी तोंड पुसलं. "आता पुढल्या शनवारी पुन्हा खेळतीन, पयल्यापासून."

पुस्तकला तलावाकडून उतरून आली. मफलर घामानं भिजला होता. "बुढा हासत होता," ती म्हणाली. "म्हने, अजून एक हप्ता आहे." मग तिनं बांधी पाहिली, पाण्यात हात बुडवला आणि माझ्याकडे वळली. "पुढल्या शनवारी पाळी माहीच आहे."

मला त्या दिवशी भंडाऱ्यात सभा होती. मी ते सांगितलं. 

"मी उभा राहतो," कटरेभाऊ म्हणाले.

पुस्तकलानं ओला हात पदराला पुसला. "तुमी उभे राहसान तं पानी कोनाच्या बांधीत जाईन?"

"छत्री पाहत उभा राहीन तं पानी कुठी जाईन? मले ते वळवाले कुठं सवड."

ती हसली नाही. पण नकोही म्हणाली नाही.

रविवारी मी नागपूरला परतले. सगळा खर्च छत्रीसकट चारशेच्या आत. साडीवरचा चिखल तीन धुण्यांनी गेला. पुढच्या शनिवारी भंडाऱ्यात मी पाणी या विषयावर बोलले, चांगलं बोलले असं लोक म्हणाले. बोलताना मात्र सारखं मनात येत होतं की या क्षणी एक माणूस परक्या बांधीच्या तोंडाशी उभा असेल, किंवा नसेल. नेम, कायदा, हक्क, सगळ्यावर माझा विश्वास आहे आणि राहील. तरीही ते "मी उभा राहतो" खरं ठरेल का, हे मला कुठल्याही कलमातून कळणार नव्हतं.

दुपारी अनोळखी नंबरवरून फोन आला. मागे वारा होता, म्हणजे पारीवरून.

"ताई, कटरे बोलतो. आपन हारलो. लय मोठ्यानं हारलो. छत्री सातच वेळा उघडली."

"आणि पाणी?"

"पोचलं नं. शेपटापर्यंत. मी हाललोच नाही." फोनमध्ये खरखर झाली, मला वाटलं कटला. मग पुन्हा आवाज आला. "तिची पोरगी अजून तिच्या फोनवर आहे. बुढा बाजूलेच बसला आहे म्हनते, चूपचाप. पोरगी सांगीनच, पन तुमी उभ्या होत्या इथं. मी दोन्ही फोन जवळ धरतो, तुमाले इंग्रजी येते नं? त्याले सांगा, इकडं पानी पोचलं म्हनून."