आधी तिचं ताट

“तुमच्या मंडळींना डायबिटीस आहे,” बुलढाण्याचे डॉक्टर म्हणाले. डायबिटीस म्हणजे रक्तात साखर वाढते. तहान भागत नाही, घडी घडी लघवीले जावं लागते. आमची शेवंता माह्याकडे पाहून हसली. “आतापावतो गुळाचा चहा पाजला ना तुमी, घ्या आता!” मले काही हसू आलं नाही.

जानेफळच्या मळ्यात आम्ही उभा जन्म वांगी-मिरच्या काढल्या. मळा पोराच्या हाती दिला तवाच आमचं ठरलं होतं, आता दमणी जुंपायची अन् सग्यासोयऱ्यांची गावं पाहत फिरायचं. दमणी म्हणजे छत असलेली हलकी बैलगाडी. आत गादी टाकली, स्टो ठेवला, पडदे बी शिवले. अन् त्यातच हे दुखणं येऊन बसलं.

डॉक्टरनं इन्सुलिन दिलं, साखर उतरवणारं इंजेक्शन. कंपाउंडरनं मले टोचायले शिकवलं. काचेची पिचकारी उकळायची, लघवी तपासायची. नळीतल्या निळ्या औषधात लघवीचे थेंब टाकून गरम करायचे. निळं राह्यलं तर बरं, विटेसारखं लाल झालं तर साखर फार. नळी लाल निघाली की मी चिडत होतो. ती म्हणे, “कुकवाचाच तर रंग हाय, काऊन घाबरता?”

मग तिले सुईत दोरा ओवता येईना. डॉक्टरनं डोळ्यात बत्ती मारून पाह्यलं. “रेटिनोपॅथी,” म्हणाले. डोळ्याच्या आतल्या पडद्यावरच्या बारीक नसा साखरेनं खराब होतात. “गेलेली नजर परत येत नाही. जे पाहायचं ते लवकर पाहून घ्या.”

दवाखान्याच्या पायरीवरच ती म्हणाली, “मले सोनाळ्याले न्या. बापाच्या अंगणातून सातपुडा पाहू द्या एक डाव.” लग्न झाल्यापासून माहेरी ती राह्यली ती सणावाराले, अन् तेही घाईघाईत. मळा सोडवत नव्हता ना कोणाले!

आम्ही निघालो. इन्सुलिनची बाटली ओल्या वाळूच्या मडक्यात ठेवली, उन्हानं खराब होऊ नये म्हणून. पयला मुक्काम उंद्रीले, माह्या मावसबहिणीकडे.

दुसऱ्या दिवशी जेवणाआधी मी तिले सुई टोचली अन् माणसांच्या पंगतीत जाऊन बसलो. आपल्याकडे बाया मागून जेवतात. त्यात शेजारचे पाव्हणे आले, दुसरी पंगत बसली. शेवंता तशीच उपाशी वाढून राह्यली होती. अन् चुलीपाशी धाडकन पडली!

अंग घामानं ओलंचिंब, डोळे फिरलेले. कोणी म्हणे बाहेरची बाधा झाली, कोणी लिंबू आणायले पळालं. मी ओरडलो, “गूळ आणा, गूळ!”

“साखरेच्या रोग्याले गूळ? मारता का दादा तिले?” बहीण माह्यावर धावली.

डॉक्टरनं सांगून ठेवलं होतं, हायपोग्लायसेमिया. म्हणजे सुई टोचून पोटात अन्न नसलं की साखर एकदम खाली जाते. माणूस जाऊ बी शकते. मीच गूळ आणला, थोडा थोडा तिच्या गालात, हिरड्यांवर चोळत राह्यलो. बऱ्याच वेळानं तिनं डोळे उघडले अन् विचारलं, “पाव्हणे जेवले का?”

मले असा राग आला, अन् त्याच रागात मी लहान लेकरासारखा रडलो.

पुढं सोनाळ्याले पोचलो. सुई झाली, तिचा मोठा भाऊ पाटावर बसला. मी सगळ्यांदेखत सांगितलं, आधी हिचं ताट वाढा. ती लाजून मेली. “अवो, भावाआधी कशी जेवू मी?”

भाऊ पाटावरून उठला. त्यानं स्वतः आपल्याजवळ दुसरा पाट मांडला. “लग्नाआधी बापाच्या ताटात कोण जेवत होतं व बाई? बस.” ती बसली. भावाशेजारी तिनं भाकर मोडली.

जेवून अंगणात आली. “निळं निळं दिसून राह्यलं. तोच ना वो?” तोंड जरा भलतीकडेच होतं. मी खांदे धरून तिले उत्तरेकडे वळवलं. “हाव,” म्हटलं, “तोच.” ती किती वेळ तशीच उभी होती.

त्यानंतर नजर गेली, पण आम्ही फिरलो. मी रस्ता सांगे अन् ती ऐके. पुढं ती बी गेली. दमणी आता गोठ्यात उभी हाय, पडदे अजून तिनं शिवलेलेच. कधी कधी आत जाऊन बसतो. लय आठवण येते हो तिची.

तुमच्या घरी हे दुखणं आलं तर डॉक्टरचं ऐका, अन् सुई टोचली की ताट समोर पाहिजेच. रीतभात मागून. त्या डॉक्टरचे अन् सोनाळ्याच्या त्या पाटाचे उपकार मी इसरत नाही.

आता सून मले वाढते अन् दाराआड उभी राहते. तिले काही दुखणं नाही, तरी मी घास उचलत नाही.

“बस व माय,” म्हणतो, “तुह्यं ताट घे आधी.”